'नंतर' आणि 'मुळे' : अपग्रेडनंतर लॅपटॉपची बॅटरी लवकर का उतरते?

१. प्रस्तावना

स्पष्टीकरणात्मक लेखनात एखादी घटना का घडली हे वाचकाला उलगडून सांगायचे असते. त्याचा नमुना म्हणून या लेखात आपल्या रोजच्या अनुभवातील एक प्रश्न घेतला आहे.

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या सुमारास अनेकांनी आपले लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. पिंपळनेर येथील आमच्या संपर्कसत्रांतही त्यानंतर एक तक्रार ऐकू येऊ लागली : "सर, अपग्रेड केले आणि बॅटरी गेली." एका विद्यार्थिनीने तर दुकानदाराच्या सल्ल्याने नवी बॅटरी विकत घेतली. दिवसा नोकरी करून रात्री स्वाध्याय लिहिणाऱ्या त्या विद्यार्थिनीला ही रक्कम लहान नव्हती. तरीही लॅपटॉप पूर्वीसारखाच दोन तासांत बंद पडत राहिला. त्याच काळात माझाही लॅपटॉप लवकर बंद पडू लागला आणि मी सारा दोष अपग्रेडला देऊन मोकळा झालो. पुढे कळले की, आम्हां दोघांचेही निदान चुकले होते. ही चूक यंत्राच्या अज्ञानामुळे जितकी झाली, तितकीच भाषेच्या सैल वापरामुळेही झाली.

२. एका वाक्यातील तीन अर्थ

'बॅटरी उतरली', 'बॅटरी बसली', 'बॅटरी गेली' ही वाक्ये आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. मात्र त्यांच्या मागे तीन वेगळ्या स्थिती असू शकतात.

पिंपळनेरजवळ पांझरा नदीवर लाटीपाडा धरण आहे. समजा, "यंदा धरणाचे पाणी लवकर संपले" असे कोणी म्हणाले. याचे एक कारण असे की, कालव्यात जास्त पाणी सोडले गेले. दुसरे असे की, तळाशी गाळ साचल्याने धरणात मुळातच कमी पाणी मावले. तिसरे असे की, पातळी दाखविणारी पट्टी चुकीची होती. बॅटरीचेही तसेच आहे :

(अ) विजेचा वापर वाढलेला असतो;
(आ) बॅटरीची साठवणक्षमता घटलेली असते;
(इ) पडद्यावर दिसणारा टक्क्यांचा आकडा चुकलेला असतो.

पहिल्या स्थितीत नवी बॅटरी घेणे व्यर्थ ठरते. दुसऱ्या स्थितीत सेटिंग्ज बदलून फारसा लाभ होत नाही. तिसऱ्या स्थितीत बहुधा काहीही विकत घ्यावे लागत नाही.

३. साठा आणि वेग

येथे दोन एकके नीट ओळखली पाहिजेत. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथील सौर प्रकल्प १२५ मेगावॅटचा आहे, असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची वीज निर्माण करण्याच्या वेगाची क्षमता सांगत असतो. 'वॅट' हे वेगाचे एकक आहे, तर 'वॅट-तास' हे साठ्याचे. लॅपटॉपच्या बॅटरीत ४० वॅट-तास ऊर्जा असेल आणि लॅपटॉप ८ वॅट वेगाने ती वापरत असेल, तर ती ५ तास पुरेल. वापर १६ वॅटवर गेला, तर तीच बॅटरी अडीच तासांत रिकामी होईल. येथे बॅटरीत कोणताही बिघाड झालेला नसतो.

लिथियम-आयन बॅटरीची साठवणक्षमता मात्र वापराने आणि वयाने घटतच असते. उष्णतेत ही घट अधिक वेगाने होते. खानदेशातील उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला किंवा गादीवर ठेवून चालविलेला लॅपटॉप याच कारणाने लवकर थकतो.

४. अपग्रेडनंतर आत काय चालते?

पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत पाटाचे पाणी कोणत्या शेताला केव्हा द्यायचे, हे पाटकरी पाहतो. लॅपटॉपमध्ये हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. नवी सिस्टिम आली की, सुरुवातीचे काही तास, क्वचित काही दिवस, तिला पुष्कळ कामे उरकावी लागतात. शोध सुलभ व्हावा म्हणून ती सर्व फायलींची नवी सूची तयार करते, उरलेले अपडेट उतरवून घेते आणि विषाणूंची तपासणी करते. आपल्याला ही कामे दिसत नाहीत, पण प्रोसेसर त्यांत गुंतलेला असतो.

यांशिवाय पडद्याची प्रखरता किंवा झोप-अवस्थेची वेळ यांसारख्या जुन्या सेटिंग्ज कधी बदलून जातात. यंत्राचा एखादा भाग हाताळणारा ड्रायव्हर नव्या सिस्टिमशी जुळत नसेल, तर तो भाग विश्रांतीच घेत नाही. सूची तयार करण्याचे काम आपोआप थांबते, पण न जुळणारा ड्रायव्हर बदलल्याशिवाय त्याचा त्रास संपत नाही.

५. 'नंतर'पासून 'मुळे'पर्यंत

आता व्याकरणाकडे वळू. 'नंतर' हे कालवाचक शब्दयोगी अव्यय आहे, तर 'मुळे' हे करणवाचक. "अपग्रेडनंतर बॅटरी लवकर उतरते" हे निरीक्षण झाले. "अपग्रेडमुळे बॅटरी लवकर उतरते" हे विधान मात्र सिद्ध करावे लागते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसेही घडलेले असू शकते.

म्हणून 'मुळे' म्हणणे नेहमीच चुकीचे असते, असे नाही. २०१७ साली काही आयफोनधारकांनी बॅटरी बदलण्यापूर्वीची आणि बदलल्यानंतरची फोनची गती मोजून पाहिली आणि दोन्हींत मोठा फरक आढळला. थकलेली बॅटरी असलेल्या काही फोनची गती सॉफ्टवेअरद्वारे कमी केली जाते, हे ॲपलने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मान्य केले. ग्राहकांना याची पुरेशी माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड झाला. ग्राहकांचा संशय मोजणीमुळे पुराव्याला पोहोचला होता.

६. पडताळणीच्या पायऱ्या

१) अपग्रेडनंतर लॅपटॉप चार्जरला जोडून काही तास चालू ठेवावा, नंतर तो पुन्हा सुरू करावा. दोन-चार दिवस निष्कर्ष काढू नये.

२) सेटिंग्जमधील 'पॉवर अँड बॅटरी' या विभागात कोणते ॲप किती बॅटरी वापरते ते पाहावे. पडद्याची प्रखरताही तपासावी.

३) लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे नवे ड्रायव्हर घ्यावेत.

४) 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह दिली की, एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिलेली असते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर बॅटरी बदलण्याची घाई करू नये. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी खरोखरच थकली आहे, असे समजावे.

५) बॅटरी फुगून टचपॅड किंवा तळ वर उचललेला दिसला, तर वापर व चार्जिंग त्वरित थांबवावे आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे.

७. समारोप

त्या विद्यार्थिनीच्या जुन्या बॅटरीचा अहवाल आम्ही पाहिला, तेव्हा तिची क्षमता जवळजवळ पूर्ण असल्याचे दिसले. दोष ड्रायव्हरचा होता. तो बदलल्यावर लॅपटॉप पुन्हा चार तास चालू लागला. नव्या बॅटरीचे पैसे मात्र परत आले नाहीत. माझ्या लॅपटॉपच्या अहवालात मूळ क्षमता ४१ वॅट-तास आणि आजची २३ होती. अपग्रेडच्या पुष्कळ आधीपासून ती घटत आली होती, मी फक्त अपग्रेडनंतर तिच्याकडे लक्ष दिले. तिने बॅटरीला दोष दिला, मी अपग्रेडला. अहवाल पाहण्यास दोन मिनिटे लागतात, ती आम्ही दोघांनीही वेळेवर दिली नाहीत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१) 'बॅटरी गेली' या वाक्याचे तीन संभाव्य अर्थ सांगून प्रत्येकावरील उपाय लिहा.

२) आपल्या परिसरातील, शेतीतील किंवा व्यवसायातील असे एक उदाहरण द्या, ज्यात 'नंतर' म्हणण्याऐवजी 'मुळे' म्हटले जाते. ते विधान तपासण्यासाठी काय मोजावे लागेल, ते सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा.