पस्तिशीनंतर काय, बॉस?

सोमवारची सकाळ, ऑफिसची बस, खिडकीला टेकवलेलं डोकं आणि मनात तोच हिशेब. तिशीत टीम लीड, पस्तिशीत मॅनेजर, मग मोठा फ्लॅट, मग मोठी गाडी. पण समजा, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पस्तिसाव्या वर्षीच होऊन गेली तर? आणि तीही अशी, की त्याच्या वरचं प्रमोशन अख्ख्या पृथ्वीवर कुठेच नाही?

राकेश शर्मांचं नेमकं हेच झालं.

जन्म १९४९चा, पतियाळाचा. वाढले हैदराबादेत. १९६६ साली आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले आणि १९७० मध्ये हवाई दलात. लगेच पुढच्याच वर्षी युद्ध. आपण ज्या वयात कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय कसा बांधायचा ते शिकत असतो, त्या बाविसाव्या वर्षी या माणसाने मिग-२१ मधून २१ लढाऊ मोहिमा केल्या होत्या.

पुढे अंतराळवीर म्हणून निवड झाली. बंद जागेची भीती वाटते का हे बघायला बंगळुरूत ७२ तास एका खोलीत कोंडून ठेवलं. मग मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत ट्रेनिंग, तेही सगळं रशियन भाषेत! म्हणजे आधी भाषा शिका, मग रॉकेट. ३ एप्रिल १९८४ ला ‘सोयूझ टी-११’ उडालं. जवळजवळ आठ दिवस अंतराळात. तिथे त्यांनी भारताचे फोटो काढले, वजनरहित अवस्थेत योगासनं केली आणि म्हैसूरच्या लॅबने बनवून दिलेला सुजीचा हलवा नि आलू-छोले रशियन दोस्तांना खिलवले. वरून भारत कसा दिसतो, या इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर तर पाठच आहे सगळ्यांना. त्यात ग्रेट डायलॉगबाजी वगैरे काही नव्हती. इक्बालची ती कविता शाळेत रोज म्हणायचे, तीच ओठांवर आली.

परतल्यावर अशोक चक्र, सत्कार, मिरवणुका, भाषणं. ऑटोग्राफसाठी लोक कपडे ओढायचे. वर देव भेटला का, असंही विचारायचे. ते सरळ ‘नाही’ म्हणायचे. एखाद्याने यावरच उरलेलं आयुष्य काढलं असतं. हारतुरे, फिती कापणं, चीफ गेस्ट. कुणी नावंही ठेवली नसती.

मला भावतो तो यानंतरचा भाग. १९८७ मध्ये विंग कमांडर म्हणून ते हवाई दलातून निवृत्त झाले आणि थेट नाशिकला आले. ओझरच्या एचएएलमध्ये चीफ टेस्ट पायलट म्हणून! आता टेस्ट पायलट म्हणजे काय, तर कारखान्यातून बाहेर पडलेलं विमान हवाई दलाच्या हाती जाण्याआधी आपण उडवून बघायचं. काही बिघाड असेल तर तो आपल्याला कळणार, तोही हवेत. नाशिकजवळ अशाच एका चाचणीत मिग-२१ कोसळलं आणि शर्मा थोडक्यात वाचले. अंतराळातून सुखरूप आलेला माणूस, आणि जिवावर बेतलं ते द्राक्षांच्या गावात!

तरी उडणं थांबलं नाही. १९९२ पर्यंत नाशिक, मग बंगळुरू. २००१ साली, बावन्नाव्या वर्षी, त्यांनी कॉकपिट सोडलं. म्हणजे हिशेब करा. आयुष्यातली सगळ्यात उंच भरारी झाल्यावर आणखी सतरा वर्षं हा माणूस कामाला जात होता. सकाळी उठून, हेल्मेट घालून, कुणी टाळ्या वाजवत नसताना.

नंतर बंगळुरूतल्या एका टेक्नॉलॉजी कंपनीचं चेअरमनपद सांभाळलं आणि मुक्काम हलवला निलगिरीतल्या कुन्नूरला. पत्नी मधू यांच्यासोबत बांधलेलं घर, छपरावर सोलर, पावसाचं पाणी साठवायची सोय. गोल्फ, वाचन, बागकाम. ‘गगनयान’साठी इस्रोने त्यांच्या अनुभवाचा सल्ला घेतला, तेवढ्यापुरते ते पुन्हा चर्चेत आले. बाकी पार्टी सर्किटवर कुठेच नाहीत.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळात झेपावले, तेव्हा मधे तब्बल ४१ वर्षं गेली होती. शुक्लाही एनडीएचेच, हवाई दलाचेच आणि टेस्ट पायलटच. जन्म १९८५चा, म्हणजे शर्मा अंतराळात जाऊन आले त्याच्या पुढच्या वर्षीचा.

इतकी वर्षं ‘एकुलता एक’ असण्याचे किस्सेही भन्नाट आहेत. शर्मांनीच मागे एका मुलाखतीत सांगितलेला हा एक. एका तरुण आईने मोठ्या कौतुकाने आपल्या पोराची त्यांच्याशी ओळख करून दिली. म्हणाली, हे अंकल चंद्रावर जाऊन आलेत.