लिनक्स टाकलं, वाय-फाय गायब? फोनची केबल लावा
‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या लॅपटॉपसाठी ‘लिनक्स मिंट’चा पर्याय चर्चेत आला. पण ब्रॉडकॉमची काही वाय-फाय कार्डं असतील, तर इन्स्टॉलेशननंतर घरचं नेटवर्क दिसतच नाही. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! लगेच दुकान गाठू नका. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडून केबलने लॅपटॉपला लावा, ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. मोबाइल डेटा खर्च होत नाही. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून सुचवलेला ड्रायव्हर टाका आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. तरीही अडलं, तर बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ तपासा. ते सुरू असताना डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही.