चूक कापू नका
‘आमच्याकडे कॉम्प्युटर लॅबच नाही, मग संगणकीय विचाराचा व्हिडिओ काढायचा कसा?’ शिक्षकांच्या प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी हे विचारतंच. पहिला गैरसमज तिथेच आहे. जनेट विंग यांच्या २००६च्या लेखामुळे ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’, म्हणजेच संगणकीय विचार, हे शब्द सगळीकडे पोचले; पण त्या लेखाचा भर होता मोठा प्रश्न फोडण्यावर, नको तो तपशील बाजूला ठेवण्यावर. कोडिंग येतं ते त्यानंतर.

न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांचे ‘सीएस अनप्लग्ड’ हे खेळ तर संगणकाशिवायच चालतात. त्यातला एक आम्ही शाळेच्या पटांगणात चित्रित केला. खडूने आखलेलं रेघा आणि वर्तुळांचं जाळं, सहा मुलं, हातात आकड्यांची कार्डं. एका वर्तुळात दोघं भेटले की आकडे ताडायचे. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. शेवटच्या रेघेवर सगळे चढत्या क्रमाने यायला हवेत. आले नाहीत. ४२ आधी, २४ नंतर. मग मुलं उलट पावली निघाली, ‘इथे आपण भेटलो तेव्हा तू कुठे वळलास?’ असं एकमेकांना विचारत, आणि चुकलेलं वर्तुळ त्यांनीच शोधून काढलं.

एडिटिंगला बसल्यावर ती चार मिनिटं मी कापली. व्हिडिओ गुळगुळीत झाला आणि निर्जीवही. चूक नेमकी कुठे झाली हे मागे जात शोधणं, म्हणजेच डीबगिंग, नेमकं तेवढंच मी फेकून दिलं होतं. चुका दाखवल्या तर मुलं चुकीचं शिकतील, ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. चूक दाखवून तशीच सोडली तर ती भीती खरीही आहे.

दुसरी भीती लांबीची. ‘सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ कुणी बघत नाही,’ हे अर्धसत्य. त्यामागे एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरचं २०१४चं संशोधन आहे, सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदींवर आधारलेलं. पण ते प्रेक्षक एकेकटे, आपापल्या स्क्रीनपुढे होते. वर्गात बाई व्हिडिओ मध्येच थांबवू शकतात. स्टुडिओतल्या खर्चिक चित्रीकरणापेक्षा साधं, घरगुती वळणाचं चित्रीकरण प्रेक्षकाला जास्त धरून ठेवू शकतं, हेही त्याच संशोधनात दिसलं. ते मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा कॅमेऱ्याचं राहू द्या, मोबाइल पुरतो. पंखा बंद करा, माइक मुलांजवळ न्या, आणि पालकांची लेखी संमती आधी घ्या.

पुढच्या व्हिडिओत मी काही कापलं नाही. १ ते १०० मधला मनात धरलेला आकडा, दर वेळी निम्मे आकडे बाद करत, जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडतो, इथवर मुलं आली होती. हजारापर्यंतचा असेल तर? ‘दहापट, म्हणजे सत्तर!’ एक मुलगी ठणकावून म्हणाली. तिथे आम्ही ‘व्हिडिओ थांबवा’ अशी पाटी टाकली. पाटीनंतर तीच मुलगी बोटांवर मोजताना दिसते: पाचशे, अडीचशे, सव्वाशे... दहाव्या बोटाला थांबते आणि कॅमेऱ्याकडे संशयाने बघते.