अर्धे घर सरकारचे, अर्धे कुटुंबाचे! वास्तुविशारद अरावेना यांनी लोकांना काय विचारले?

गरिबांसाठी घरे बांधताना गरिबांना कोण विचारते? नकाशा कार्यालयात तयार होतो आणि माणसांनी त्यात मावायचे असते. चिली देशातील वास्तुविशारद अलेहांद्रो अरावेना यांनी ही रीत उलटी केली. म्हणूनच त्यांचे काम समजून घ्यायला हवे.

१९६७ साली सांतियागो शहरात जन्मलेले अरावेना ‘एलिमेंटल’ या संस्थेचे प्रमुख आहेत. इकिके शहराच्या मध्यभागी किंता मोनरॉय नावाची वस्ती होती. सुमारे शंभर कुटुंबे अर्ध्या हेक्टर जागेवर तीस वर्षे राहत होती, पण जमीन त्यांच्या नावावर नव्हती. सरकारी अनुदान कुटुंबामागे ७,५०० डॉलर. त्यातच जमीन, रस्ते-गटारे आणि घर, सगळे भागवायचे होते.

स्वस्त जमीन शहराबाहेर होती. पण तिकडे गेले की रोजगार, शाळा, दवाखाना सगळेच दूर जाते. उंच इमारतीलाही लोकांनी ठाम नकार दिला, कारण तिथे घर वाढवता येत नाही.

मग तोडगा निघाला. पैशात ४० चौरस मीटरच बसत असतील, तर ते छोटे घर न मानता ८० चौरस मीटरच्या चांगल्या घराचा अर्धा भाग मानायचे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, मजबूत भिंती हा अवघड अर्धा भाग अनुदानातून बांधायचा. उरलेला अर्धा भाग कुटुंबाने ऐपतीप्रमाणे पूर्ण करायचा. २००४ मध्ये ही घरे उभी राहिली आणि तीही त्याच जागेवर.

२७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि कॉन्स्तितुसिओन शहर उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणीच्या आराखड्यासाठी अवघे शंभर दिवस होते. अरावेनांच्या गटाने जाहीर बैठका घेतल्या. लोक म्हणाले, त्सुनामी कधीतरी येते, पण पावसाचे पाणी दरवर्षी घरात शिरते. शिवाय शहरात मोकळी जागा नाही आणि नदीकाठ मोजक्यांच्याच ताब्यात आहे. भिंत बांधून यातला एकही प्रश्न सुटला नसता. म्हणून किनाऱ्यावर झाडांचा पट्टा सुचवला गेला. तो लाटेचा जोर कमी करील, पावसाचे पाणी मुरवील आणि सर्वांना नदीकाठ खुला करील.

२०१६ मध्ये अरावेनांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हेनिसच्या पंधराव्या वास्तुकला प्रदर्शनाची संपूर्ण मांडणीही त्यांच्याकडे होती. निवारा, विषमता, प्रदूषण यांच्याशी झगडणारी कामे त्यांनी जगासमोर आणली. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात शिकलेल्या अनुपमा कुंडू यांचे कमी खर्चाच्या घराचे कामही तिथे होते. प्रवेशाची दालने आधीच्या प्रदर्शनातून उरलेल्या सुमारे शंभर टन टाकाऊ सामानातून सजवली होती. एलिमेंटलने चार गृहप्रकल्पांचे नकाशेही सर्वांसाठी मोफत खुले केले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निवारा देणे सरकारचे कर्तव्य असताना अर्धा भार गरिबांनी का उचलायचा? अनुदान वाढवण्याची मागणी सोडता कामा नये. पण अनुदान कितीही असो, आपण कुठे आणि कसे राहायचे हे ठरवताना रहिवाशांचा शब्द मोजला गेलाच पाहिजे. आपल्या वस्तीच्या पुनर्विकासाची बैठक असेल तेव्हा सहीआधी नकाशा मागा आणि तो समजेपर्यंत प्रश्न विचारा.