बनियनवर रक्ताचा डाग? पुरुषांनाही होतो स्तनाचा कर्करोग. ‘ही’ लक्षणे ओळखा

शिरूर तालुक्यातील केंदूर असो वा दुसरे कोणतेही गाव, आशाताई घरोघरी जाऊन ३० वर्षांवरील व्यक्तींचा आरोग्य तपासणी अर्ज भरतात. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येते का, आकार बदलला का, हे त्यातील तीन प्रश्न. मात्र ते फक्त महिलांसाठी असतात. पुरुषांनी ते स्वतःच स्वतःला विचारायला हवेत.

किती दुर्मीळ?
स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो. बहुतेकांना तो साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो. पुरुषांच्या स्तनाग्रामागेही थोड्या दुग्धनलिका असतात. कर्करोग बहुधा तिथेच सुरू होतो.

लक्षणे कोणती?
सहसा स्तनाग्रामागे टणक गाठ लागते. ती दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. काहींमध्ये मात्र लक्षणे वेगळी असतात:

• स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणे
• स्तनाग्र आत ओढले जाणे
• स्तनाग्रावर खाज, खपली, न भरणारी जखम. हा ‘पॅजेट’ आजार असू शकतो. इसब समजून मलम लावण्यात वेळ जातो
• काखेत गाठ

गायिका बियॉन्से यांचे वडील मॅथ्यू नोल्स यांना शर्टवर वारंवार रक्ताचा ठिपका दिसत होता. २०१९ मध्ये तपासणीत कर्करोगाचे निदान झाले. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असल्याने वेळेत शस्त्रक्रिया झाली.

छाती वाढली म्हणजे कर्करोग?
नाही. हार्मोनमधील बदल, काही औषधे यांमुळेही पुरुषांची छाती वाढते. ही वाढ बहुधा दोन्ही बाजूंना, मऊसर आणि हात लावल्यास दुखरी असते. एकाच बाजूला टणक गाठ असेल तर तपासणी हवीच.

धोका कोणाला जास्त?
आई, बहीण, मावशी, आत्या यांना हा कर्करोग झाला असल्यास पुरुषांनीही सावध राहावे. ‘बीआरसीए-२’ जनुकातील दोष आई किंवा वडील, कोणाकडूनही मुलाकडे येऊ शकतो. यकृताचा सिरोसिस असल्यासही धोका वाढतो.

काय करावे?
लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी पुरुषांचीही होते. पक्के निदान गाठीचा तुकडा तपासून होते. उपचारांत शस्त्रक्रिया, गरजेनुसार केमो, रेडिएशन आणि अनेकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

पुढच्या वेळी आशाताई अर्ज घेऊन आल्या, की तक्रार असल्यास त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. स्वतःहून सांगा.