श्रमदान केलं की पेरणी?

डिसेंबरातल्या एनएसएस कॅम्पमध्ये आम्ही पोरापोरींनी दोन दिवस खपून गावच्या रस्त्याकडेचं गाजर गवत उपटलं. फोटोबिटो झाले. सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये सहज त्या गावात गेलो, तर रस्त्याकडेला गवत परत कमरेएवढं. आणि ट्रॉली ज्या वाटेनं गेली होती, तिच्याही दोन्ही बाजूंना!

बॉटनीच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "फुलावर आलं होतं का?"

आलं होतं. पांढरंशुभ्र.

तिथंच घोळ झाला. याच्या एका बारक्या फुलोऱ्यात पाच बिया, आणि भरदार झाडावर मिळून पंधरा-वीस हजार. बी इतकं हलकं की पाण्यावर तरंगतं, टायरच्या खाचेतल्या चिखलात बसून फिरतं, आपल्या बुटालाही चिकटतं. मातीत गाडलं गेलं तर काही वर्षं दम धरून राहतं.

काँग्रेस गवत, चटक चांदणी ही याचीच नावं. मूळ गाव मेक्सिकोच्या आखाताकडचं. आपल्याकडे ते १९५०च्या दशकात पुण्यात ठळकपणे नजरेत आलं. परदेशी गव्हातून बी आलं असं मानतात. पण आलं कसं, यापेक्षा टिकलं कसं, हे जास्त भारी आहे. पाऊस नसेल तर पानं जमिनीला चिकटवून चकतीसारखं पडून राहतं. पाणी मिळालं की मधूनच दांडा सरसर वर काढतं. काळ्या मातीत माणसाच्या छातीला लागतं आणि बांधकामाच्या खडीत चार बोटांवरच फुलून मोकळं होतं. बी तेच, पण जागा बघून अंगकाठी ठरवतं! ओल असेल तर वर्षभर कधीही उगवतं आणि साधारण महिनाभरात फुलतं. त्यात पार्थेनिन नावाचं रसायन सोडून शेजारच्या रोपांची उगवणही दाबतं. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. खाल्लंच तर दूध कडू.

उपाय म्हणून मेक्सिकोतूनच एक भुंगेरा आणला, झायगोग्रामा. १९८४ मध्ये तो बंगळूरजवळ सोडला. पावसाळ्यात तो पानांचा फडशा पाडतो, पण कोरडे दिवस आले की मातीत जाऊन झोपतो. गवत मात्र जागंच!

म्हणजे हात आपल्यालाच लावावा लागणार, पण फुलायच्या आधी आणि माती ओली असताना, मुळासकट. हातमोजे आणि फुल बाह्या मस्ट. आमच्या बॅचमधली एक जण तेव्हा उघड्या हातांनी उपटत होती. तिच्या कोपरापर्यंत पुरळ आलं. अजूनही या गवताजवळ गेली की खाज सुटते. परागकणांनी शिंका आणि दमा होणारेही आहेत.

कॅम्प मात्र दरवर्षी डिसेंबरातच, कारण सुट्टी तेव्हा. अर्ज दिलाय, बघू. तोवर आम्ही दहा जण जुलैच्या पहिल्या रविवारी आपापल्या खर्चानं त्याच रस्त्यावर जाणार आहोत. ती येणार नाहीये, पण हातमोजे तिनंच आणून ठेवलेत.