पाण्याचा ताळेबंद मांडा, मगच रब्बीची पेरणी करा

अवर्षणप्रवण भागात गहू ओंबीवर असतानाच विहीर तळ गाठते, हा अनुभव नवा नाही. त्यात पावसाचे खंड पडू लागल्याने धोका वाढला आहे. बियाणे, खते व मजुरी वाया जाऊ नये म्हणून उपलब्ध पाणी पाहूनच पीक ठरवावे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामस्थ भूजल खात्याच्या मदतीने पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस व विहिरींची पाणीपातळी मोजून ग्रामसभेत पिके ठरतात. प्रथम पिण्याचे पाणी व जनावरांची गरज, उरलेले शेतीस, असा क्रम असतो. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे.

आपल्या गावीही हे करता येईल. पर्जन्यमापकावरील नोंद रोज ठेवावी. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी होय. मात्र बरेच पाणी वाहून जाते वा बाष्परूपाने उडते. म्हणून पावसाळा संपताच निवडक विहिरींची पातळी मोजून मागील वर्षाशी ताडून पहावी. पातळी खाली असल्यास गहू, कांद्याचे क्षेत्र कमी करून ज्वारी, हरभरा घ्यावा.

जमिनीखालचे पाणी सामाईक असते; एकट्याने काटकसर करून भागत नाही. यासाठी कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना बोलावून पेरणीपूर्वीच ग्रामसभा घ्यावी.